परवान्यावरचं नाव

बिरूआप्पांनी मला खोली दाखवली तेव्हा आधी जमिनीवर झोपायला लावलं.

मी नुकताच शिरूरहून दौंडच्या तारघरात नोकरीला लागलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पत्र्याची ट्रंक. आप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. उंच, वाळका माणूस, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काळं घोंगडं.

"नीज," ते म्हणाले.

"आत्ता?"

"मग कवा? नीज की. पाय पसर, आखडून घिऊ नगं."

मी शर्टाची काळजी करत शेणाने सारवलेल्या जमिनीवर आडवा झालो. आप्पांनी खाली वाकून माझ्या डोक्यापाशी आणि पायांपाशी खडूने रेघा ओढल्या. मग एका कुशीवर वळायला लावलं, मग दुसऱ्या. खोलीत आधीच्या तिघांच्या रेघा होत्याच. आप्पांनी त्या रेघांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं.

"बसतोस," ते म्हणाले. "चौथा तू. पाचव्याला मी घेनार न्हाई आन् तू बी घ्यायचा न्हाई. सख्खा भाऊ आला तरी."

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या आगेमागेची. दौंडला तेव्हा खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं होतं. जंक्शनचं गाव, लोको शेडमध्ये शेकड्यांनी माणसं कामाला. फायरमन, खलाशी, पॉइंटमन, सगळे बाहेरगावचे. एकाएका खोलीत दहा-बारा जण राहायचे. एक पाळी कामावर गेली की तिच्याच गोधडीवर दुसरी येऊन पडायची. अशा गावात आठ खोल्यांची चाळ बांधून एका खोलीत चारच माणसं ठेवणारा मालक लोकांना वेडाच वाटायचा.

आप्पा मूळचे धनगर. शिरूर तालुक्यातलं घोडनदीच्या काठचं एक गाव त्यांचं. पण गावात ते कमीच राहिले. उभा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी सरली की कोकणाच्या वाटेला लागायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. अशाच एका परतीच्या वाटेवर त्यांची बायको तापाने गेली. मूल नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी कशीबशी काढली, मग सगळी मेंढरं विकली आणि रुळापलीकडे जागा घेऊन ही चाळ बांधली. दगडाच्या भिंती, वर पत्रे, पुढे लांबच लांब ओटा. त्या ओट्याच्या टोकाला, उघड्यावरच, आप्पांची स्वतःची बाज.

मेंढरं गेली तरी मोजण्याची सवय गेली नव्हती. दिवेलागणीला ते ओट्यावर उभे राहून आम्हाला मोजायचे. जोडीजोडीने, काठीचं टोक हलवत. "दोन, चार, सा..." एखादा कमी भरला की त्याच्या खोलीपाशी जाऊन विचारायचे, "तो जळगावकडचा कुठं हाय?" "ड्युटीवर गेलाय आप्पा, मनमाडला." "मग सांगून जायला काय हुतं?" सुरुवातीला मला राग यायचा. पुढे एकदा रजेवर शिरूरला गेलो, तेव्हा संध्याकाळी उगाच चुकल्यासारखं वाटलं. मग ध्यानात आलं, आज कोणी मोजलं नव्हतं.

त्यांना फूट-इंच कळत नसत. खोली किती मोठी असं विचारलं की ते म्हणत, "चार घोंगड्यांची." आठवी खोली तेवढी तीन घोंगड्यांची होती. ती कोपऱ्यात होती, म्हणून तिच्यात फक्त संसारवाल्याला ठेवायचं असा त्यांचा कायदा.

मग खरा कायदा आला. पालिकेने ठरवलं की, भाड्याने खोल्या देणाऱ्या प्रत्येकाने परवाना घ्यायचा. खोलीत किती माणसं राहतील ते परवान्यावर लिहिलेलं असणार. प्रत्येक खोलीला खिडकी पाहिजे, मोरी पाहिजे, एवढ्या माणसांमागे एक संडास पाहिजे. परवाना दर वर्षी नवा करायचा. गावातले चाळमालक खवळले. आरोग्य निरीक्षकांनी शाळेत बैठक बोलावली, तेव्हा शाळेचं पटांगण भरलं होतं. मीही बघायला गेलो होतो. एक मालक उठून म्हणाला, "साहेब, माणसं आपणहून दाटीवाटीनं राहतात. आम्ही काय त्यांना कोंबतो?" त्यावर पुष्कळ टाळ्या पडल्या.

आप्पा मागे खाली बसले होते. ते उठले. मालकांना वाटलं, हाही आपल्यातलाच, ठणकावून सांगेल.

"साहेब," आप्पा म्हणाले, "मेंढरू दुसऱ्याच्या अंगावर मान टाकून निजतं. त्येला त्याची ऊब लागती. मान्साला तसं न्हाई जमत. मान्साला कूस बदलायला जागा लागती. तुमचा कायदा बराबर हाय. पर खिडकी कुठल्या अंगाला पायजे तेवढं सांगा. रुळाकडनं काढली तर धूर येतो."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. निरीक्षक हसले आणि म्हणाले, "आप्पा, तुमच्याकडे मी स्वतः येतो."

ते खरंच आले. टेप लावून खोल्या मोजल्या. कागदावर गुणाकार केला आणि म्हणाले, "खोलीमागे चार माणसं. कोपऱ्यातल्या खोलीत तीन." आप्पांनी आमच्याकडे असं बघितलं, जसं काही निरीक्षक परीक्षेत पास झाले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पहार घेऊन स्वतः भिंती फोडायला सुरुवात केली. रुळाच्या उलट्या अंगाला, पूर्वेकडे, आठ खिडक्या. सुट्टी असेल तो दगड उचलायला जायचा. मीही गेलो. त्या आठ-दहा दिवसांत चाळीत जेवढं हसणं झालं तेवढं पुढे कधी झालं नाही.

पहिला परवाना आप्पांच्याच नावाचा होता. त्यासाठी अंगठा द्यायचा होता. आप्पांनी आधी अंगठा राखेने घासून धुतला, मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि मग शाई लावली. "अंगठा म्हंजी शपथ," ते म्हणाले. "बोलल्यालं इसरतं मानूस. ह्यो ऱ्हातो."

तो अर्ज भरून दिला होता जगदाळ्याने.

जगदाळे माझ्याच खोलीत राहायचा. रेल्वेच्या माल कचेरीत कारकून होता. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, गोड बोलणारा, कामाला वाघ. त्याच्याविषयी वाईटच लिहायचं म्हटलं तर सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. आप्पांना एकदा न्यूमोनिया झाला, तेव्हा जगदाळ्याने आठ दिवस रजा काढून त्यांची शुश्रूषा केली. त्यांची बाज आत उचलून आणली, स्वतःच्या हाताने पेज भरवली. रोज सकाळी तो त्यांना पेपर वाचून दाखवायचा. आप्पा त्याला 'मास्तर' म्हणत. कुठलाही कागद आला की, "मास्तर, बघ रं काय म्हनतंय," असं म्हणून त्याच्यापुढे धरत. कागद हातात घेण्याआधी ते धोतराला हात पुसायचे, देवळात प्रसाद घेण्याआधी पुसावा तसा. माझ्याकडे त्यांनी कधी कागद दिला नाही. मी तारघरातला असूनही. थोडं वाईट वाटायचं, पण मास्तर असताना मी कोण?

परवाना नवा करायच्या तिसऱ्या वर्षाचा सुमार होता. एका रविवारी जगदाळे खिडकीपाशी अर्ज घेऊन बसला होता. त्याचं अक्षर गिचमिड. मला म्हणाला, "शिरूरकर, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. एवढं स्वच्छ लिहून दे."

मी लिहायला बसलो. जागेचा मालक या ओळीत आप्पांचं नाव होतं. खाली, खोल्या चालवणारा या ओळीत जगदाळ्याचं. सोबत एक संमतीपत्रही होतं. त्यात लिहिलं होतं की, वयोमानामुळे माझ्याच्याने होत नाही, सबब सर्व खोल्या चालवण्यास जगदाळे यांना दिल्या आहेत आणि त्यात कोणास ठेवावे हा अधिकार त्यांचा राहील.

"इथं आप्पांचंच नाव नको का?" मी विचारलं.

"अरे, चालवणारा म्हणजे कागदपत्रं बघणारा. मालक आप्पाच आहेत की. त्यांनीच सांगितलंय मला. म्हातारा माणूस, किती वेळा कचेरीत हेलपाटे घालणार?"

मी पेन थांबवलं नाही. जगदाळे माझी ओळ पुरी होऊ देऊन म्हणाला, "तुझं लग्न ठरतंय म्हणे? कोपऱ्यातली खोली पुढच्या महिन्यात रिकामी होतेय. बघू आपण."

मला त्या वेळी कळलं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कळलं नव्हतं, पण कळलं होतं. मी तो कागद शाई वाळेपर्यंत हातात धरला आणि त्याला दिला. संध्याकाळी आप्पांनी राखेने अंगठा घासला, मुंडासं काढलं आणि दोन्ही कागदांवर ठसा दिला. मी ओट्यावर पाठमोरा बसून बूट पुसत होतो.

पुढच्या महिन्यात आप्पांच्या बहिणीच्या आजारपणाची चिठ्ठी आली. ते गावी गेले. बहीण वाचली नाही, तिचे दिवस होईपर्यंत ते तिथंच राहिले. जाताना म्हणाले, "मास्तर, लक्ष ठिव." त्या महिना-दीड महिन्यात माझं लग्न झालं. कुसुमला घेऊन मी कोपऱ्यातल्या खोलीत आलो. आणि त्याच दिवसांत उरलेल्या सात खोल्यांत माणसं वाढायला लागली. चाराची सहा झाली, सहाची नऊ. नवीन लोक गोधड्या घेऊन यायचे, जगदाळ्याशी बोलायचे आणि आत शिरायचे. जुन्यांनी कुरकुर केली, तर तो म्हणायचा, "परवडत नसेल तर जा. बाहेर रांग आहे."

आप्पा परत आले ते दुपारच्या एस.टी.ने. डोकं भादरलेलं होतं. त्यांनी पहिल्या खोलीत डोकावलं, दुसरीत डोकावलं. तिसरीच्या दाराशी उंबऱ्यावरच बसले.

"मास्तर, ही कोन मानसं?"

जगदाळे त्याच्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "आप्पा, तुम्ही दमलात. आधी पाणी प्या."

"पानी ऱ्हाऊ दे. ही मानसं भाईर काड."

"तसं नाही करता येणार. परवाना माझ्या नावावर आहे. कोणाला ठेवायचं ते मी बघतो. तुमची बाज आहे तिथंच राहील, तिला कोणी हात लावणार नाही."

आप्पा हसले. त्यांना वाटलं, मास्तर चेष्टा करतोय. जगदाळे हसला नाही. तेव्हा त्यांनी आजूबाजूला बघितलं, आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे. कुसुम दारात उभी होती. मी तिला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा कचेरीत गेले. मला सोबत चल म्हणाले. तारघरात रजा मिळणार नाही असं मी खोटंच सांगितलं. तिथे काय झालं ते निरीक्षकांच्या शिपायाने मला नंतर सांगितलं. निरीक्षकांनी अर्ज काढला आणि मोठ्याने वाचला, संमतीपत्रासकट. आप्पांनी तो दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा.

"आप्पा, अंगठा तुमचा आहे," निरीक्षक म्हणाले. "फसवून घेतला असेल तर कोर्टाचं काम. ते मला करता येत नाही. पण परवान्याचं मी बघू शकतो. मी येतो, राहणाऱ्यांना विचारतो. खोली कोणी दिली, चाळ कोण चालवतं, ते लिहून घेतो. त्यांनी तुमचं नाव घेतलं तर हा परवाना रद्द करून तुमच्या नावाने देता येईल."

शिपाई सांगत होता की, हे ऐकून आप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाले, "मग झालंच की. आवो, एकेकाला निजवून खोल्या दिल्यात म्या."

निरीक्षकांना यायला दोन-तीन महिने लागले. ते यायच्या आदल्या दिवशी जगदाळे प्रत्येक खोलीत जाऊन आला. आमच्याकडे आला तेव्हा कुसुमने चहा ठेवला. चहा पीत तो म्हणाला, "आप्पांच्या नावानं परवाना झाला की जास्तीची माणसं निघतील. आणि नाही झाला, तर जास्तीचं कोण ते मला ठरवावं लागेल. वहिनींना आता कितवा महिना?"

तो गेल्यावर कुसुम म्हणाली, "तुम्ही काय सांगणार?"

मी रिकाम्या कपबश्या उचलल्या.

"खरं तेच सांगा," ती म्हणाली. "जागा काय, दुसरी बघू."

"कुठं बघणार? या गावात?" मी तिच्यावर ओरडलो.

निरीक्षक सकाळी नऊला आले. ओट्यावर खुर्ची मांडली. बाजेच्या कडेला आप्पा बसले होते, धुतलेलं धोतर, नवं मुंडासं. प्रत्येकाला बोलावून निरीक्षक तेच प्रश्न विचारत होते. पहिला नवीनच माणूस होता, तो जगदाळ्याचं नाव घेणारच. आप्पांनी मान हलवली, याचं बरोबर आहे म्हणून. दुसरा जळगावकडचा फायरमन. चार वर्षं आप्पांच्या चाळीत होता. त्याच्या पायाला वाफेने भाजलं होतं, तेव्हा आप्पांनी रानातला पाला आणून लावला होता.

"खोली कोणी दिली?"

"जगदाळेसाहेबांनी."

आप्पा पुढे वाकले. त्यांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "आरं, म्या न्हाई का तुला..." निरीक्षकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. फायरमन खाली बघत बाजूला झाला. मग तिसरा. मग चौथा. सातव्या-आठव्यानंतर आप्पांनी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं. ते समोरच्या रुळांकडे बघत होते.

माझी पाळी आली. कोपऱ्यातली खोली मला जगदाळ्यानेच दिली होती. तेवढं अक्षरशः खरं होतं आणि त्या खऱ्याच्या आडोशाला मी उभा राहिलो.

"जगदाळ्यांनी," मी म्हणालो.

"आणि चाळ कोण चालवतं?"

"तेच."

निरीक्षकांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्यांना मी खिडक्यांच्या वेळी दगड उचलताना दिसलो होतो. पण त्यांनी लिहून घेतलं. माणसं जास्त असल्याबद्दल जगदाळ्याला नोटीस दिली. दहा-बारा जण चार दिवस कुठेतरी हलले आणि पुन्हा आले. परवाना होता तिथंच राहिला.

त्या सकाळी आप्पांनी भांडण केलं नाही. शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी घोंगडं खांद्यावर टाकलं, एक तांब्या आणि बायकोची एक जुनी चोळी होती ती फडक्यात बांधली आणि ओट्यावरून उतरले. जगदाळे पुढे येऊन म्हणाला, "आप्पा, असं करू नका. लोक काय म्हणतील?" ते त्याच्या बाजूने निघून गेले, वाटेतल्या खांबाला वळसा घालावा तसे.

ते आमच्या दारावरून जात असताना कुसुम भाकरी घेऊन बाहेर आली. मी आत होतो, भिंतीला लागून. "आप्पा, एवढं घ्या."

"पानी दे पोरी," ते म्हणाले.

पाणी प्यायले. भाकरी घेतली नाही. कुसुम त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि चौथ्या दिवशी बोलली ती फक्त मिठाबद्दल. आमचं पहिलं मूल त्याच खोलीत झालं. वर्षाच्या आत आम्ही ती सोडली. पुढे आप्पांच्या भाच्याने कोर्टात दावा लावला, पण तारखांवर तारखा पडत गेल्या आणि भाचा थकला. जगदाळ्याने पुढे आणखी एक चाळ चालवायला घेतली असं ऐकलं.

सहा-सात वर्षांनी माझी बदली शिरूरला झाली. एका शनिवारी बाजाराच्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर कोणाला तरी पोचवायला गेलो होतो. बाकावर आप्पा बसलेले दिसले. फार बारीक झाले होते, एका डोळ्यात फूल पडलं होतं, दुसऱ्यानंही नीट दिसत नसावं. शेजारी बाजाराची पिशवी. मी जाऊन 'आप्पा' अशी हाक मारली. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"शिरूरकर व्हय? बस."

मी बसलो. कुसुम कशी आहे, पोरं किती, असं त्यांनी विचारलं. बहिणीच्या लेकीकडे राहतो म्हणाले. ती करते सगळं. बोलणं संपलं. गाडीला वेळ होता. इतकी वर्षं जे मनात होतं ते मी एका दमात बोलून टाकलं.

"आप्पा, तो अर्ज मी लिहिला होता. जगदाळ्याचं नाव मीच घातलं. मला ठाऊक होतं, त्यात काय आहे ते."

आप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"अक्षर कुनाचं ते मला काय कळनार," ते म्हणाले. "पर अंगठा दिला त्या सांजेपासनं तू माझ्याकडं बघंनास. साहेबांनी कचेरीत कागुद वाचला, तवा समदं जुळलं."

"मग तुम्ही मला विचारलं का नाही?"

"इचारून काय हुतं? त्या दिशी साहेब एकेकाला पुसत हुते. बाकीच्यांचं मी सोडलं. गरीब मानसं, त्यास्नी थारा पायजे हुता. पर मला वाटलं, तू सांगशील. तुझा नंबर यीपर्यंत मी बसून ऱ्हायलो." ते थांबले. "तुझं झाल्यावर मग उठलो."

 माफ करा म्हणायचं सोडून मी गाडी लागली का ते बघू लागलो.

न्हावऱ्याच्या बाजूची, आप्पांची गाडी लागली. लोक धावले. आप्पा काठी टेकत उठले. मी त्यांची पिशवी उचलली, म्हटलं, निदान चढवून द्यावं. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझ्या मनगटापर्यंत आणला आणि पिशवी काढून घेतली. रागाने नाही. आपली वस्तू आपण घ्यावी तशी.

कंडक्टरने त्यांना हात देऊन वर घेतलं. खिडकीपाशी जागा मिळाली. मी खाली उभा होतो, हाताच्या अंतरावर. गाडी सुटेपर्यंत ते मान ताठ ठेवून समोर बघत राहिले.